चातुर्मासातली शेपटी

पेशीचं डोकं लहान, वाटोळं आणि लख्ख होतं. त्याच्यामागे पसरलेली शेपटी मात्र डोक्याच्या तिप्पट लांब होती. टोकाकडे ती विरळ होत गेली होती, पाण्यात सांडलेल्या पिठासारखी. त्रिशलानं पडद्यावरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, शेपटीच्या कडेला मोजपट्टी धरली आणि आकडा वाचला. मग ती शेजारच्या पेशीकडे गेली. मग तिच्या शेजारच्या. सगळ्यांना शेपट्या होत्या आणि सगळ्या लांब होत्या.

त्या पेशी तिच्या वडिलांच्या गालाच्या आतल्या होत्या.

“अप्पा, परत एकदा आ करा.”

“घे की,” नेमगोंडा मगदूम म्हणाले. “फक्त दात मोजू नकोस. कमी भरले तर तुझी आई विचारती, कुठं ठेवून आलासा म्हणून.”

तिनं कापसाची काडी त्यांच्या दुसऱ्या गालाच्या आतून फिरवली आणि तपासणीच्या पेटीच्या खाचेत सरकवली. पुण्याहून शिरटेकला येताना गाडी खड्ड्यांतून आदळत आली होती. पेटी हलली असेल, तपासून घ्यावी, एवढाच तिचा हेतू होता. घरातलं सगळ्यात खात्रीचं माणूस म्हणून तिनं अप्पांना समोर बसवलं होतं. गावात तिचा प्रयोग चालू होता तेवढ्या वर्षांत त्यांची शेपटी कधी डोक्याबाहेर फारशी आलीच नव्हती.

पेटीनं थोडा वेळ घरघर केली. वरचा दिवा पुन्हा तांबडा झाला.

“बिघडलीया तुझी पेटी,” अप्पा म्हणाले आणि उठून भट्टीकडे गेले. पैंजणांच्या कड्या झाळून जोडायच्या राहिल्या होत्या.

पेटी बिघडली नव्हती. त्रिशलानं स्वतःचा गाल तपासला. डोकं वाटोळं, शेपटी नाही, दिवा हिरवा. ती पेटीकडे बघत बसली. भट्टीच्या खोलीतून झाळायच्या बत्तीचा सूंऽऽ असा आवाज येत होता आणि त्याच्यामागून तो ओळखीचा, जिभेवर गोडसर चव ठेवणारा वास.

पेटीचं तत्त्व जुनंच होतं. पेशीतला डीएनए शाबूत असतो तेव्हा तो सुताच्या गुंडीसारखा घट्ट बसलेला असतो. पेशी मऊ जेलमध्ये अडकवायची, तिचं आवरण विरघळवायचं आणि बाजूनं विजेचा हलका प्रवाह सोडायचा. गुंडी अख्खी असेल तर ती जागची हलत नाही. धागा जागोजागी तुटला असेल तर मात्र ते तुकडे विजेच्या ओढीनं एका बाजूला सरकतात आणि पेशी धूमकेतूसारखी दिसू लागते. शेपटी जितकी लांब तितकी मोडतोड जास्त. प्रयोगशाळेत या तपासणीला पूर्वी अर्धा दिवस जाई. त्रिशलाच्या गटानं ती जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसवली. आकड्यांऐवजी तांबडा-हिरवा दिवा लावायची कल्पनाही तिचीच. तिच्या आईला आकडे वाचता येत नव्हते आणि आईला न कळणारी पेटी शिरटेकमध्ये कुणी वापरली नसती.

आता गावात ती घराघरात होती. लोक तिला ‘शेपटी’ म्हणत. सकाळी दुधाच्या रांगेत माणसं एकमेकांना विचारत, “काय, आज किती शेपटी?” आणि कुणाचा दिवा तांबडा लागला की त्याला माकडाच्या उड्या मारून दाखवत.

शिरटेक हे चांदीचं गाव. पुढच्या खोलीत भट्टी आणि मागच्या खोलीत चूल, अशी इथली घरं. पैंजणाच्या कड्या जोडायला जे झाळण वापरतात त्यात थोडं कॅडमियम मिसळलं की ते कमी आचेवर पाण्यासारखं धावतं. सांधा कुठं आहे ते करणाऱ्यालाही शोधावं लागतं. फक्त तापल्यावर त्याचा पिवळट धूर निघतो. कॅडमियम स्वतः डीएनए तोडत फिरत नाही. त्याचं काम जास्त लबाडीचं असतं. पेशीत मोडलेला धागा सांधणारी प्रथिनं असतात आणि त्यांच्या पोटात जस्ताचा एकेक कण असतो. कॅडमियम जस्ताला ढकलून त्या जागी बसतं आणि सांधणारे हात थांबतात. रोजची किरकोळ मोडतोड तशीच साचत जाते. म्हणूनच असं झाळण कायद्यानं बंद झालं होतं आणि त्यानंतर गावातल्या निम्म्या भट्ट्या थंड पडल्या होत्या.

मग त्रिशलाला घोळाची भाजी सापडली. म्हणजे घोळ होताच. बांधावर, नळाच्या ओलीवर, लालसर देठाचा, जमिनीला चिकटून पसरणारा, आंबट. तिनं दाखवून दिलं की त्याच्या कोवळ्या पानांमधली काही द्रव्यं पेशीला ग्लुटाथायोन हे तिचं संरक्षक रसायन वाढवायला लावतात आणि सांधणाऱ्या प्रथिनांना जस्त धरून ठेवायला मदत करतात. रोज मूठभर घोळ खाणाऱ्या झाळकऱ्यांच्या शेपट्या आखडल्या. निष्कर्ष इतके स्वच्छ होते की ती स्वतःच चार वेळा उलटून तपासत राहिली होती. गावच्या सराफ मंडळानं एकावर एक रचलेल्या वाफ्यांत घोळ लावला आणि प्रत्येक भट्टीवर दुपारचा ‘हिरवा डबा’ सुरू केला. सरकारनं शिरटेकपुरती तात्पुरती सवलत दिली: डबा आणि पेटी असेल तिथं जुनं झाळण चालेल. आता ती सवलत कायमची आणि राज्यभर करायची होती. त्यासाठी धातुसुरक्षा समितीला त्रिशलाकडून एकच गोष्ट हवी होती. रेषा. किती लांबीपर्यंतची शेपटी सुरक्षित मानायची, दिवा कुठवर हिरवा राहील, तो आकडा.

माघापासून ती ‘अजून थोडी माहिती हवी’ असं कळवत आली होती. का, ते तिला नीट सांगता येत नव्हतं. उद्या दुपारी समितीची शेवटची बैठक होती.

“अप्पा,” ती भट्टीच्या दारात जाऊन उभी राहिली. “डबा खाताय ना?”

अप्पांनी ज्योतीवरून नजर काढली नाही. “खुळी का काय तू? चातुर्मास लागलाय. पालेभाजी सोडलीया की.”

त्रिशलानं चौकट धरली. ती हे विसरली नव्हती. उलट तिला ते इतकं माहीत होतं की त्याचा वेगळा विचार करायची गरजच कधी वाटली नव्हती. पावसाळ्यात पानांवर जीव वाढतात म्हणून जैन घरांत चातुर्मासभर पालेभाजी वर्ज्य. आषाढात मंदिरात महाराजांसमोर हात जोडून नियम घ्यायचा आणि दिवाळीपर्यंत पाळायचा. शिरटेकमधले बहुतेक झाळकरी हा नियम पाळत. तिनं प्रयोगाची आखणी केली तेव्हा तिच्या गटातल्या कुणाला काही सांगावं लागू नये म्हणून, आणि गावातल्या कुणाला अवघड वाटू नये म्हणून, तिनं ते चार महिने सरळ वगळले होते. डबा नाही, मग तपासणी तरी कशाला? मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा ती अभिमानानं म्हणाली होती, “लोकांच्या रीतीचा मान ठेवला तर लोक प्रयोगाला साथ देतात.” दिली होती. घराघरातली पेटीही त्या महिन्यांत फडक्यात गुंडाळून कोनाड्यात जाई.

म्हणजे जे काही घडत होतं ते दर वर्षी, तिनं स्वतः झाकून ठेवलेल्या जागेत घडत होतं.

“पंखा कुठं गेला?” तिनं विचारलं. बत्तीच्या वरच्या भिंतीत पूर्वी धूर ओढणारा पंखा होता. आता तिथं पत्रा ठोकला होता.

“भरतेशनं काढला. ज्योत हलती म्हणून. दिवा हिरवा असल्यावर काय करायचाय पंखा? आणि काम वाढलंय न्हवं. तुझ्या कृपेनं.” अप्पा हसले. खरंच कौतुकानं हसले.

तेवढ्यात तिची भावजय, भरतेशची बायको समृद्धी, चहा घेऊन आली. अप्पांच्या शेजारची बसायची जागा तिची होती; लग्न झाल्यापासून ती त्याच खोलीत कड्या झाळायला बसे. तिला चौथा महिना चालू होता. तिच्यामागून आईही आली, हातात निवडायच्या जोंधळ्याचं सूप.

“अक्का, माझं पण बघा की,” समृद्धी म्हणाली.

त्रिशलाला नको होतं, पण काडी तिच्या हातात होती आणि समृद्धीनं तोंड उघडलेलं होतं. पेटी घरघरली.

दिवा हिरवा झाला.

“बघा!” आई अप्पांना म्हणाली. “पोरगी नियमानं राहती, देवाधर्माचं करती, म्हणून देव बघतो. तुम्ही आपलं मंडळात बसून चोरून भजी खात असशीला.”

“मी? भजी?” अप्पा म्हणाले. “चाळीस वर्षं तुझ्या हातचं खाऊन भज्याची चव इसरलो मी.”

सगळे हसले. समृद्धीही हसली, पण तिनं कप गोळा करायला जरा घाईच केली. त्रिशला हसली नाही. एकाच खोलीत, एकाच धुरात, हातभर अंतरावर बसणाऱ्या दोन माणसांच्या या दोन शेपट्या होत्या.

*

घराच्या मागे, कपडे धुवायच्या दगडाच्या कडेला घोळ पसरला होता. त्रिशला खाली वाकली. शेंडे खुडलेले होते, नखानं, नेटके. खुडल्या जागी फुटवेही आलेले होते. म्हणजे हे बरेच दिवस चाललं होतं.

“सांगणार आहात आईंना?”

समृद्धी बादली घेऊन मागे उभी होती.

“भाजी करून खातेस?”

“कशी करणार? वास सुटतो. कच्चाच खाते. कपडे धुता धुता.” तिनं बादली खाली ठेवली. “महाराजांपुढं हात जोडून नियम घेतलाय मी, अक्का. मोडलाय हे मला कळतंय. पण तुम्हीच म्हणाला होता, घोळ खाल्ला तर पेशी शाबूत राहते. पहिल्या वेळी काय झालं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाल्या, गर्भातच काहीतरी तुटकं होतं. या वेळी मी पाप घेईन डोक्यावर, पण ते नाही.”

“मग भट्टीवर कशाला बसतेस?”

“दिवा हिरवा लागतो न्हवं रोज?” समृद्धीला प्रश्नच कळला नाही. “मी कोनाड्यातली पेटी काढून बघते, आई देवळात गेल्या की. एकदा पण तांबडा लागला नाही. लागला तर त्याच दिवशी उठेन मी.”

ही मुलगी आपल्या दिव्यावर विसंबून धुरात बसते आहे, हे त्रिशलाला त्या ओल्या दगडाशेजारी एकदम स्पष्ट दिसलं.

“तुझं नख दे,” ती म्हणाली.

“काय?”

“नखाचा तुकडा. करंगळीचा चालेल.”

पेटीला मागच्या बाजूनं आणखी एक खाना होता. नखात किती धातू आहे ते त्यातून कळे. नख हळूहळू वाढतं आणि वाढताना रक्तातला धातू स्वतःत बांधून घेतं, त्यामुळे ते गेल्या काही महिन्यांची हकिकत सांगतं. त्या तपासणीला वेळ लागे आणि तिला दिवा नव्हता, फक्त आकडा होता. म्हणून गावात तो खाना कुणी उघडतच नसे. कित्येक घरांत लोकांनी त्यात टिकल्यांची पाकिटं ठेवली होती.

तिनं अप्पांचंही नख घेतलं. अप्पा म्हणाले, “दात झाले, आता नखं. माझं काय काय घेऊन जाणार आहेस पुण्याला?”

*

तिचा धाकटा भाऊ भरतेश मंडळाचा चिटणीस होता. दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले तेव्हा तो उद्याच्या बैठकीबद्दलच बोलत होता. समिती पडद्यावर येईल, आपण घरातूनच, सोप्यातून बोलायचं, अक्कानं रेषा सांगायची, संपलं.

“अप्पांचा दिवा तांबडा आहे,” त्रिशला म्हणाली. “साधा तांबडा नाही. प्रयोग सुरू व्हायच्या आधी होती त्याहून लांब शेपटी आहे.”

“चातुर्मास आहे म्हणून. दिवाळीला डबा सुरू झाला की होईल हिरवा.”

“होईल. तेच मला खटकतंय.”

“म्हणजे?”

तिनं ताट बाजूला सारलं. “हे बघ. घोळ धातूला बाहेर काढत नाही. धातू आत येतोच आहे. तो मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि तिथून हलायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. घोळ फक्त पेशीची डागडुजी चालू ठेवतो. आपण हिरवा दिवा बघितला, पंखे काढले, जुनं झाळण परत आणलं, दुप्पट काम घेतलं. आत येणारा धातू वाढला, पण शेपटी दिसली नाही. चातुर्मासात घोळ थांबतो आणि साचलेलं सगळं एकदम उघडं पडतं.”

“तुझा अंदाज आहे हा,” भरतेश म्हणाला. “मी पण शिकलोय थोडं. पावसात दारं-खिडक्या बंद असतात, धूर कोंडतो, म्हणून शेपटी वाढत असेल. घोळाचा काय संबंध? एकाच खोलीत बसून चातुर्मासात घोळ खाणारा एक माणूस दाखव मला. एक. मग बोल.”

समृद्धी भाकरी वाढत होती. तिचा हात ताटावर क्षणभर थांबला आणि पुढे गेला.

त्रिशलानं ताट पुन्हा पुढं ओढलं.

“नाही न्हवं असा कोण?” भरतेशचा आवाज खाली आला. तो भांडत नव्हता, विनवत होता. “अक्का, बंदीच्या काळात अप्पा काय करत होते आठवतंय? साखर कारखान्याच्या फाटकावर बसत होते, राखणदार म्हणून. चिमटा धरायचा हात तो. दुसऱ्या झाळणानं पैंजण काळं पडतं, सांधा उकलतो, माल परत येतो. आता कुठं गाव उभं राहिलंय. तुझ्या शोधावर राहिलंय. आणि तूच आता—”

“मग गोळ्या करू की घोळाच्या,” आई मधेच म्हणाली. “गोळी म्हणजे औषध. औषधाला नियम आड येत नाही. महाराजांना विचारू.”

“बघ!” भरतेश म्हणाला. “आईनं सोडवला प्रश्न.”

अप्पा पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, “गोळी खाईन मी. नाहीतर पंखा लावीन. पोरगी सांगंल ते करीन. पण तिला सांगू तर द्या.”

त्रिशलाचा पुरावा समोर उभा होता, हातात भाकऱ्यांची दुरडी घेऊन, आणि खाली बघत होता.

*

सकाळी नखांचे आकडे आले. त्रिशलानं ते दोनदा घेतले आणि मग अंगणात फेऱ्या मारत राहिली. विनाचालकाची गाडी दारोदार थांबून तयार पैंजणांच्या पेट्या उचलत होती. शेजारची बाई पेटी उघडून कुणाला तरी ओरडून सांगत होती, “वाढली बघ तुझी शेपटी! झाडावर जा आता!” चातुर्मासात पेटी काढलेली दिसताच तिची सासू तिला रागावली. त्रिशला आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. मार्गदर्शकांना फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

समृद्धी भट्टीच्या खोलीत जाताना तिनं तिला अडवलं. “आज बसू नकोस.”

“का? तांबडा लागला?”

“नाही. हिरवाच आहे.” त्रिशलाला शब्द सापडेनात. “नखात अप्पांइतकंच कॅडमियम आहे तुझ्या. तू घोळ खातेस, ते खात नाहीत, तरी तेवढंच. आणि पोटात मूल असताना हा धातू वारेत साठतो. बाळाला लागणारं जस्त अडवून धरतो. ते पेटी दाखवत नाही. मी तिला ते दाखवायला शिकवलंच नाही.”

समृद्धीनं करंगळीचं नख उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, “मग मी खात होते ते फुकट?”

“फुकट नाही. घोळ खरंच काम करतो. तुझे धागे शाबूत आहेत, ते त्याच्यामुळंच. पण तेवढ्यानं…”

“तेवढ्यानं मी तिथं बसून राहिले,” समृद्धी म्हणाली. तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि भट्टीकडे न जाता मागे स्वयंपाकघरात निघून गेली.

*

दुपारी सोप्यातल्या भिंतीवर समितीची चार माणसं दिसू लागली. अध्यक्ष डॉ. कुंटे होत्या, पांढऱ्या केसांच्या, नेमकं बोलणाऱ्या. भरतेशनं इस्त्रीचा सदरा घातला होता. अप्पा खांबाला टेकून बसले होते आणि आई कोपऱ्यात जोंधळा निवडत होती, कारण तिच्या मते बैठकीत नुसतं बसणं बरं दिसत नाही. समृद्धी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

भरतेश चांगलं बोलला. गावातले आजार कमी झाल्याचं त्यानं सांगितलं, भट्ट्या पुन्हा पेटल्याचं सांगितलं, थापा मारल्या नाहीत. मग डॉ. कुंटे त्रिशलाकडे वळल्या.

“डॉक्टर मगदूम, तुम्ही बरेच महिने घेतलेत. आज आम्हाला रेषा मिळेल ना?”

त्रिशलानं आधी अप्पांची शेपटी दाखवली. भिंतीवर ती हातभर लांब दिसली. अप्पांनी मान वर करून ती बघितली आणि “अरारा” म्हणाले. तिनं वगळलेले चार महिने समजावून सांगितले. ते का वगळले तेही सांगितलं.

“माझा आक्षेप आहे,” भरतेश म्हणाला. त्यानं बंद दारा-खिडक्यांचा मुद्दा मांडला.

डॉ. कुंटेंनी क्षणभर विचार केला. “आक्षेप रास्त आहे. त्याच जागेत, त्याच दिवसांत घोळ खाणारं कुणी तुलनेला आहे का? तसं नसेल तर एका माणसाच्या तपासणीवरून आम्ही निर्णय फिरवू शकत नाही.”

त्रिशलानं पेटीवर हात ठेवला. आकडा आत होता. नाव न घेता तो देता आला असता. पण त्या खोलीत झाळायला दोनच माणसं बसत होती आणि ऐकणाऱ्यांत सगळं घर होतं.

“तसा आकडा माझ्याकडं…” ती म्हणाली आणि थांबली.

“मी खाते,” दारातून आवाज आला.

जोंधळा निवडणारे हात थांबले.

“मी खाते घोळ,” समृद्धी म्हणाली. ती पुढे आली नाही, पण बोलणं भिंतीवरच्या माणसांना ऐकू जाईल एवढं मोठं होतं. “आषाढापासून. चोरून. अप्पांच्या शेजारी बसते मी, त्याच धुरात. माझा दिवा हिरवा आहे. अक्कांनी कालच बघितलाय. माझ्यामुळं त्या गप्प आहेत.”

भरतेशनं आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. सगळेच आईकडे बघत होते.

आईनं सूप खाली ठेवलं. “पोटुशी बाईला कसला गं नियम?” ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता आणि ओलाही. “महाराजांनी पण दिला नसता, सांगितलं असतंस तर. कच्चा पाला खात बसली धुण्याच्या दगडावर. चुलीवर परतून दिला असता की मी.”

समृद्धीनं तोंडाला पदर लावला.

“म्हणजे घोळ काम करतो!” भरतेश एकदम म्हणाला. “मॅडम, हाच पुरावा आहे. त्याच धुरात, घोळ खाल्ला तर हिरवा. चातुर्मासात आम्ही गोळ्या देऊ. प्रश्नच मिटला.”

“मिटल्यासारखा दिसतो खरा,” डॉ. कुंटे म्हणाल्या. “डॉक्टर मगदूम?”

त्रिशलानं नखांचे दोन आकडे भिंतीवर टाकले. एकाखाली एक. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन माणसांचे, जवळजवळ सारखे. त्यांच्याखाली तिनं अप्पांच्या नखाचा तीन वर्षांपूर्वीचा, पंखा होता तेव्हाचा आकडा टाकला. तो इतका लहान होता की अप्पांनी डोळे बारीक केले.

“दिवा एकीचा हिरवा आहे, एकाचा तांबडा,” ती म्हणाली. “धातू दोघांच्यातही तेवढाच आहे. घोळानं धागे सांधले, म्हणून आम्हाला धूर दिसेनासा झाला. पंखा आम्ही त्या दिव्याकडं बघून काढला. माझ्या भावजयीला चौथा महिना आहे आणि ती आज सकाळपर्यंत भट्टीवर बसत होती. दिवा तांबडा असता तर ती कधीच उठली असती.”

भरतेश खाली बसला. त्यानं तोंडावरून हात फिरवला. समृद्धीकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

“हे नोंदीत येईल,” डॉ. कुंटे सावकाश म्हणाल्या. “पण मला तुमच्याकडून उत्तर लागेल. रेषा थोडी अलीकडे ओढायची का? आखूड शेपटीलाही तांबडा दिवा? सराफ मंडळं त्याला तयार होतील. तुमची पेटी राज्यभर जाईल.”

किती सोपं होतं ते. रेषा जरा अलीकडे घ्यायची. सगळ्यांचं थोडं थोडं राहील, भट्ट्या राहतील, पेटी राहील, तिचं नाव राहील. त्रिशलानं अप्पांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या शेपटीकडे बघत होते, गावात आलेल्या नवख्या पाहुण्याकडे बघावं तसे. त्यांचा चिमटा धरायचा हात मांडीवर पडला होता, बोटं अजून चिमटीत. कारखान्याच्या फाटकावरची खुर्ची तिला आठवली. तिथं परत जावं लागलं तर तिच्यामुळंच जावं लागणार होतं.

“अक्का,” भरतेश हळूच म्हणाला. त्यात आता विनवणी नव्हती, आक्षेपही नव्हता. नुसती हाक होती.

“घोळ खावा,” त्रिशला म्हणाली. “ज्यांच्या अंगात आधीच कॅडमियम साचलंय त्यांनी तर जरूर खावा, तेवढं लिहून घ्या. पण रेषा मी देणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही. पेटीतला हिरवा दिवा मी काढून टाकते आहे, आणि जुनं झाळण बंद व्हावं, आमच्या घरापासून, असं माझं मत आहे.”